लिस्बनचा जेरोनिमोस मठ : पाषाणातील शोभा आणि तिचे मोल

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आमच्या युरोपप्रवासाविषयी चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारी मंडळाने आज्ञा केली. पाहिले पुष्कळ, परंतु जिच्यापुढे उभे असता आपल्या घराण्यांचा इतिहास आठवल्यावाचून राहिला नाही, अशी एकच वास्तू आज आपणांपुढे ठेवणार आहोत.

लिस्बन शहराच्या पश्चिमेस, तेजो नदीच्या काठी बेलें नावाचा भाग आहे. तेथे पूर्वी खलाशांसाठी एक लहानसे प्रार्थनामंदिर होते. १४९७ च्या जुलै महिन्यात वास्को द गामा हिंदुस्थानच्या शोधार्थ निघाला, तेव्हा आदल्या रात्री त्याने व त्याच्या सोबत्यांनी तेथेच प्रार्थना केली, असे सांगतात. त्याच जागी राजा मानुएल याने सोळाव्या शतकाच्या आरंभी जेरोनिमोस मठाची उभारणी आरंभिली. काम पुरे होण्यास सुमारे शंभर वर्षे लागली. राजाच्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी आणि समुद्रावर जाणाऱ्या खलाशांना धीर द्यावा, हे तेथील यतींचे कर्तव्य ठरले.

मठाचा दगड फिकट पिवळसर, उन्हात सोन्यासारखा झळकणारा. दक्षिणद्वार सुमारे ३२ मीटर उंच असून त्यावर संत, देवदूत व राजपुरुष यांच्या मूर्तींची एवढी दाटी आहे, की अंबरनाथचे शिवालय किंवा सिन्नरचे गोंदेश्वर ज्याने पाहिले आहे, त्यालाही क्षणभर थांबावे लागेल. आत गेल्यावर अष्टकोनी स्तंभ नखशिखांत वेलबुट्टीने मढलेले दिसतात आणि माथ्यावर त्यांच्या शिरा ताडाच्या झावळ्यांप्रमाणे पसरतात. चौसोपी अंगणाभोवतीच्या दुमजली ओवऱ्यांत तर दगडाचे दोरखंड वळले आहेत, गाठी मारल्या आहेत, खगोलयंत्राचे गोल कोरले आहेत. जणू एखादे गलबत किनाऱ्याला लागून तेथेच शिळा होऊन राहिले! बोइताक व झुआंव द कास्तील्यु या शिल्पज्ञांनी घडविलेली ही शैली मानुएल राजाच्याच नावाने ओळखली जाते. १७५५ च्या भयंकर भूकंपात लिस्बनचा बराचसा भाग कोसळला, परंतु ही वास्तू बहुतांशी तगून राहिली. १९८३ साली तिची जागतिक वारशात गणना झाली.

आता या शोभेचे मोल पाहू. मठासाठी जो पैसा लागला, तो मुख्यत्वे आफ्रिका व पूर्वेकडील देशांशी चालणाऱ्या व्यापारावरील करातून आला. हा कर शेकडा पाच, म्हणजे विसावा हिस्सा. आणि त्याचे नावच मुळी ‘मिऱ्यांचा विसावा’ असे होते! तेव्हा त्या वेलबुट्टीचा एक धागा आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

मठातील मुख्य वेदीजवळ राजघराण्याच्या समाध्या आहेत. त्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर विसावल्या आहेत. हत्ती म्हणजे त्या काळी पूर्वेच्या वैभवाची खूण. एका समाधीत मानुएल आहे. त्याच्याच राज्यात, १५१० साली, आल्बुकेर्कने गोवे जिंकले. दुसरीत त्याचा पुत्र तिसरा झुआंव आहे. त्याच्या अमदानीत, १५४० च्या सुमारास, तिसवाडीतील देवळे पाडली गेली. तिसरीत त्याची राणी कातारीना आहे. ती राज्यकारभार पाहत असता १५६० साली गोव्यात धर्मन्यायसभा, म्हणजे ‘इन्क्विझिशन’, स्थापन झाली. आणि त्याच १५६० साली आपल्या पूर्वजांनी कुठ्ठाळीच्या मंगेशाला खाडीपार प्रियोळास नेले. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. एकीकडे देवासाठी शिळा रचल्या जात होत्या, आणि दुसरीकडे माणसे देव उराशी धरून रात्री नाव लोटीत होती.

आमच्यासोबत असलेल्या तरुण मंडळींपैकी एकाने विचारले, “मग या कोरीवकामाचे कौतुक करावे की नाही?” प्रश्न रास्त होता. आमचे उत्तर असे, की कौतुक अवश्य करावे. ज्या पाथरवटाने तो दोरखंड दगडातून वळविला, त्याने गोव्यातील एकही देऊळ पाडले नाही. परंतु कौतुक करताना हिशेब विसरू नये. सौंदर्य खरे, आणि त्याच सत्तेने आपल्या घरांवर आणलेले संकटही खरे.

हिशेब मांडावयाचा तर तो पुरता मांडावा. आपल्या देवांना ज्या फोंडा महालात आसरा मिळाला, तो त्या काळी विजापूरच्या आदिलशहाच्या ताब्यात होता. परधर्मीय राजाच्या भूमीवर आपली देवळे पुन्हा उभी राहिली. आणि जे गावीच राहिले, ज्यांनी धर्म बदलला, त्यांपैकी कितीएक आपल्याच भाऊबंदांचे वंशज आहेत. त्यांच्याविषयी मनात कटुता बाळगणे हा त्या इतिहासाचा अर्थ नव्हे.

पुढे काळ फिरला. १८३३ साली मठातील यतींचा संघ विसर्जित झाला आणि त्या इमारतीत अनाथ मुलांची संस्था नांदू लागली. १९६१ साली गोवे मुक्त झाले, आणि १९७४ च्या अखेरीस पोर्तुगालनेही गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

बंधुभगिनींनो, पोर्तुगीजांनी आपली आठवण दगडात कोरून ठेवली. आपल्या पूर्वजांना दगड सोडून जावे लागले. त्यांची आठवण आपल्या जिभेवर आहे, आणि जिभेवरची आठवण दोन पिढ्यांत पुसली जाते. म्हणून एकच विनंती. यंदा कुलदैवताच्या दर्शनास जाल, तेव्हा मुलांना देवाचे मूळ गाव कोणते, तो तेथून केव्हा व का निघाला, हे सांगा. आणि घरातील वृद्धांना जे ठाऊक असेल, ते वहीत उतरवून घ्या. तेवढे झाले, तरी आम्ही तो मठ पाहिल्याचे सार्थक झाले, असे समजू.