मुदत संपली, निवडणूक नाही



पनवेल नगरपालिका १८५२ सालची. २०१६ साली तिची महानगरपालिका झाली; २०१७ साली आम्ही ७८ नगरसेवक निवडून दिले. त्यांची मुदत २०२२ साली संपली. घटनेचे २४३-यू कलम सांगते, मुदतीपूर्वी निवडणूक घ्या. पण ओबीसी आरक्षणाचा व प्रभागरचनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी! राखीव जागांचे मोल आम्हांला कोणी शिकवायला नको, त्यांसाठी भांडावेच. परंतु तारखा पडत होत्या, तशी कराची बिलेही येतच होती. खारघर-कळंबोलीचे रहिवासी मालमत्ता कराविरुद्ध रस्त्यावर आले, न्यायालयातही गेले. सभागृहात मात्र त्यांच्या बाजूने हरकत घेणारा नगरसेवकच उरला नव्हता. प्रशासकांना मत मागायला आमच्या दारी यायचे नव्हते.