शिटी वाजल्यानंतर



चौकात वाहतूक पोलिसाची शिटी वाजते आणि दुचाकीस्वार थांबतो. त्या क्षणी भल्याभल्या सुशिक्षितांना दोनच मार्ग सुचतात. कोणा बड्या असामीचे नाव घेऊन हुज्जत घालायची, नाहीतर खिशातील नोट पुढे करून ‘मिटवून टाका’ म्हणायचे. तिसरा मार्ग कायद्याचा. तो सर्वांत सरळ. परंतु ठाऊक नसल्यामुळे ओस पडलेला.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १३० सांगते, की गणवेशातील पोलिसाने मागताच चालकाने आपले लायसन्स दाखवले पाहिजे. येथे वादाला जागा नाही. मात्र ‘गणवेशातील’ हा शब्द नागरिकाच्या रक्षणासाठी आहे. २०१८ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ बदलला. डिजिलॉकर वा एम-परिवहनमधील कागदपत्रे तेव्हापासून ग्राह्य ठरली. त्यामुळे ‘कागद घरी राहिले’ ही चालकाची सबब उरली नाही आणि ‘मूळ प्रतच हवी’ हा पोलिसाचा हट्टही टिकत नाही.

कलम २०६ अन्वये ठरावीक कारणांसाठी पोलीस लायसन्स ताब्यात घेऊ शकतो. पण त्याची तात्पुरती पोच त्याने दिलीच पाहिजे. काही प्रकरणांत लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा पोचेवर लिहिलेल्या तारखेपर्यंत त्या पोचेवर वाहन चालवता येते, पण सर्वच प्रकरणांत नाही. मद्यपानाच्या संशयावरून श्वासाची चाचणी मागितली, तर ती नाकारणे अंगाशी येते. नकार देणाऱ्याला अटकही होऊ शकते. अटक झालीच, तर तिचे कारण जाणून घेण्याचा आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे केले जाण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने दिला आहे.

चूक झाली असेल तर दंड भरावा, पावती घ्यावी. चूक मान्य नसेल तर रस्त्यावर आवाज चढवण्याऐवजी न्यायालयात बाजू मांडावी. कायदा राबवणाऱ्यानेच नियम मोडला, तर त्याला दुप्पट दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने केली आहे.

आणि ती नोट? भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. शिक्षा सात वर्षांपर्यंत. लाच बळजबरीने द्यावी लागली, तर सात दिवसांत तक्रार करणाऱ्यास संरक्षण आहे. महाराष्ट्रात त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

देशातील भ्रष्टाचारावर रोज संध्याकाळी चर्चा करणारा गृहस्थ सकाळी चौकात शंभराची नोट सरकवतो, तेव्हा मागे बसलेला त्याचा मुलगा ते पाहत असतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील सगळे धडे त्या एका क्षणात पुसले जातात. पाचशेची पावती महाग वाटेल. परंतु शंभरात विकत घेतलेला तो धडा मुलगा जन्मभर विसरणार नाही.