घसा, टोंगळे आणि हृदय
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा आग्रह होता की मी बीपी आणि शुगरवर बोलावं. पण त्या विषयावरचे तज्ज्ञ आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी सहा वाजता हजर असतात. मी बोलणार आहे तो आजार आपल्या वयाचा नाही, या बाकांवर बसणाऱ्यांच्या वयाचा आहे. पाच ते पंधरा वर्षं. आपल्या बॅचमधले बरेच जण शिक्षक झाले आणि बाकीचे आजी-आजोबा होण्याच्या वाटेवर आहेत, म्हणून तो तुमच्याच कानावर घालायचा आहे.

स्ट्रेप्टोकोकस नावाचा एक जंतू आहे. सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या माळेसारखा दिसतो. बिलरोथ या सर्जननं १८७४ मध्ये हे नाव दिलं ते त्या माळेवरूनच. त्याच्या जाती पुष्कळ, पण आपल्याला जास्त छळतो तो 'अ' गटातला. शेतात अनवाणी चालून भेगाळलेल्या पायातून शिरला की पाय लालभडक सुजतो. खरजेच्या फोडांत वाढला की काही आठवड्यांनी लेकराचं तोंड सुजू शकतं आणि लघवी काळ्या चहासारखी होते. बाळंतिणीच्या अंगात गेला की सूतिकाज्वर. ही सगळी एकाच जंतूची कामं. आज मात्र त्याच्या घशातल्या मुक्कामाबद्दलच बोलतो.

घसा दुखतो, ताप येतो, आणि पाच-सहा दिवसांत औषध न घेताही बरं वाटतं. इथंच फसगत होते. शरीरानं या जंतूविरुद्ध जी फौज उभी केली, तिला जंतूचे काही भाग आणि आपल्याच सांध्यांचे, हृदयाच्या झडपांचे भाग सारखेच वाटतात. मग घसा विसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ही फौज काही मुलांच्या घरातच लढाई सुरू करते. आज टोंगळा सुजतो, परवा घोटा, मग कोपर. घरी म्हणतात, "टोंगळे दुखून राह्यले, वाढीचं दुखणं असन." वाढीचं दुखणं बहुधा रात्री असतं, त्यात सूज नसते, सकाळी पोट्टं पळत सुटतं. सूज असेल, ताप असेल, दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात फिरत असेल, तर तो संधिवाताचा ताप असू शकतो. सांधे पुढे पूर्ण बरे होतात, मागमूसही राहत नाही. हृदयाची झडप मात्र तशी बरी होईलच असं नाही. डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड होते, कधी गळते, कधी वर्षानुवर्षं आवळत जाते.

शिक्षकांसाठी एक गोष्ट मुद्दाम. या आजाराचा एक प्रकार वहीत दिसतो. चांगलं अक्षर असलेल्या मुलीचं अक्षर महिनाभरात बिघडतं. हातातली पेन्सिल पडते, डबा सांडतो, चेहरा वेडावल्यासारखा हलतो, कारण नसताना रडू येतं. मुलींत हे जास्त. वर्गात तिला नखरे करते म्हणून बोलणी बसतात, घरी बाहेरची बाधा समजून अंगारा लावतात. डॉक्टर याला कोरिया म्हणतात. घसा दुखून गेल्यावर तो काही महिन्यांनीही येतो, त्यामुळे घशाची आठवण कुणालाच नसते. अशा मुलीला शिक्षा करण्याआधी दवाखान्यात पाठवा, आणि हृदय तपासायला सांगा.

या झडपेची खरी परीक्षा बाळंतपणात होते. गरोदरपणी अंगातलं रक्त जवळपास दीडपट होतं आणि आवळलेल्या झडपेतून ते पुढे सरकत नाही. तोवर सगळी कामं करणारी बाई सहाव्या-सातव्या महिन्यात रात्री उठून बसते, दम लागतो म्हणते. आपल्या बॅचची एक मैत्रीण अशीच गेली. नाव घेत नाही. तुमच्या मनात ते आलंच असेल.

आता उपायाचं. तो महाग नाही. पेनिसिलिन एके काळी बोटीनं यायचं. मग १९५४ मध्ये युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तिथं पेनिसिलिन बनू लागलं. नवलाची गोष्ट अशी की इतर जंतू औषधांना सरावले, पण हा 'अ' गटाचा जंतू ऐंशी वर्षांत पेनिसिलिनला पचवायला शिकलेला नाही. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी संधिवाताचा ताप सहसा टळतो. पण गोळ्या पूर्ण दहा दिवस. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून उरलेल्या फडताळात ठेवायच्या नाहीत.

आणि प्रत्येक घशाला हे औषध लागतही नाही. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर ते बहुधा साधं विषाणूचं दुखणं. खोकला नाही, पण ताप आहे, गिळवत नाही, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत, गळ्याला दुखऱ्या गाठी आहेत, असं लेकरू लगेच दाखवायचं.

ज्यांना एकदा संधिवाताचा ताप येऊन गेला, त्यांना दर एकवीस दिवसांनी लांब टिकणाऱ्या पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. आपल्याकडे पेनिड्यूर म्हणतात ते. हृदयाला काही झालं नसेल तरी किमान ५ वर्षं किंवा वयाच्या १८ वर्षांपर्यंत, यातलं जे उशिरा येईल तोवर. झडप खराब असेल तर चाळिशीपर्यंत, कधी जन्मभर. ते दुखतं, फार दुखतं. शिवाय रिअ‍ॅक्शनची भीती असते. ती क्वचित येते, पण येऊ शकते, म्हणून सोय असलेल्या दवाखान्यातच घ्यायचं. सोयाबीनच्या सोंगणीत एक तारीख चुकते, लग्नसराईत दुसरी, मग मुलगी सासरी जाते आणि कार्ड माहेरी राहतं. पुन्हा घसा दुखला की पुन्हा झडपेवर घाव.

शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. हा हृदयरोग त्यांच्या यादीत आहे. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांची नावं शिक्षकांनी टिपून ठेवावीत आणि नंतर त्यांची तपासणी करवून घ्यावी. बरेचदा गैरहजर असतात तीच दमणारी मुलं असतात.

जेवणानंतर मी कोपऱ्यातल्या खोलीत बसतो आहे. कुणाच्या घरी एकवीस दिवसांचं इंजेक्शन चालू असेल, किंवा मध्येच सुटलं असेल, तर जुने कागद मोबाइलवर का होईना, घेऊन या. स्टेथोस्कोप सोबत आणला आहे. पुरणपोळी आधी खाऊन घ्या.