दोन डिस्क आणि तिसरी प्रत



जुने हजेरीपट, गॅदरिंगचे फोटो, दरवर्षीचे वर्गाचे फोटो असं शाळेचं बरंच काही आपण स्कॅन केलंय. ते सगळं सध्या इथेच, कसबा पेठेतल्या एका घरी, एका संगणकात आहे. त्यात 4 टीबीच्या दोन डिस्क आहेत आणि लिनक्सवर ‘रेड वन’ लावलंय. म्हणजे एकीवर जे लिहिलं जातं, तेच दुसरीवरही. ‘रेड’ हे नाव 1988 साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या निबंधामुळे सर्वत्र गेलं. एका महागड्या डिस्कऐवजी बऱ्याच स्वस्त डिस्क वापरा, असं त्यांचं म्हणणं. अगदी पुणेरी हिशेब!

एक डिस्क गेली तर? घाबरू नका. ‘एमडीएडीएम’ या प्रोग्रॅमला सांगून खराब डिस्क काढायची, नवी जोडायची. सात-आठ तासांत ती भरते. तेवढा वेळ सगळी भिस्त उरलेल्या एकीवर, आणि आपल्या दोघी एकाच दिवशी एकाच दुकानातून आलेल्या, म्हणजे म्हाताऱ्याही बरोबरच होणार.

संगणकच बिघडला, तर डिस्क दुसऱ्या लिनक्स मशीनला लावून ‘असेंबल’ म्हणायचं. जोडीची नोंद डिस्कवरच असते. घाईत ‘क्रिएट’ मात्र म्हणू नका. त्याने नवी जोडी बांधली जाते आणि जुना मजकूर जाऊ शकतो. सरावाला जुने पेनड्राइव्ह पुरतात. दोघांची जोडी करा, फोटो भरा, एक खुशाल उपसा. आपल्यातल्या चौघांनी गेल्या महिन्यात हे करून पाहिलं. त्यात बँकेतून निवृत्त झालेल्या एक ताई सर्वांत तरबेज निघाल्या.

पण कुणी चुकून फोटो पुसला, तर तो दोन्हीकडून पुसला जातो. आणि 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा कसब्याचा नदीकडचा भाग पाण्याखाली गेला होता. एका पेटीतल्या दोन डिस्क एकदमच बुडतील.

म्हणून तिसरी प्रत हवी. ती पुण्याबाहेर, एरवी संगणकापासून सुटी, आणि दर महिन्याला ताजी केलेली. नाशिक, सातारा, कोल्हापूरकडचं कुणी ती सांभाळेल का? डिस्क मी बरोबर आणलीय. चहाच्या वेळी गाठा.