जो लुई : विजेत्याचे देणे

मुष्टियुद्ध म्हटले की सुशिक्षित घरांतून नाक मुरडले जाते. आणि ते अगदीच अकारण नाही. तथापि जो लुई या मुष्टियोद्ध्याचे चरित्र पाहू जाता असे दिसते, की त्याला सर्वांत खोल घाव बसले ते रिंगणाबाहेर.

लुईचा जन्म १९१४ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात, वाट्याने शेती करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब डेट्रॉइटला आले. आईने व्हायोलिन शिकण्यासाठी दिलेले पैसे चिरंजीवांनी गुपचूप व्यायामशाळेत भरले! १९३४ साली तो धंदेवाईक मुष्टियोद्धा झाला, तेव्हा त्याच्या व्यवस्थापकांनी त्याला बजावले होते, की पाडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून हसायचे नाही. हेवीवेट गटातील पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सन याच्या बेदरकारपणाचा राग गोऱ्या समाजाच्या मनातून अद्याप गेला नव्हता.

१९३६ साली जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत लोळविले. डावा ठोसा मारल्यावर लुईचा तो हात किंचित खाली येतो, हे त्या चतुर माणसाने हेरले होते. लुई १९३७ मध्ये जगज्जेता झाला खरा. परंतु त्या पराभवाचा वचपा निघाला तो २२ जून १९३८ रोजी न्यूयॉर्कमध्ये. नाझी राजवटीने श्मेलिंगला आपल्या वंशश्रेष्ठत्वाचे प्रतीक करून ठेवले होते. लुईने अवघ्या १२४ सेकंदांत लढत संपविली. ज्याला दक्षिणेकडील उपाहारगृहांत गोऱ्यांच्या पंक्तीला बसता येत नव्हते, तो त्या रात्री साऱ्या अमेरिकेचा वीर ठरला.

त्याने हे पद २५ वेळा राखले. १९४२ साली दोन लढतींची आपली कमाई त्याने आरमाराच्या व भूदलाच्या साहाय्यनिधींना दिली आणि स्वतः सैन्यात शिपाई म्हणून दाखल झाला. त्या आरमारात कृष्णवर्णीयांना तोवर खानसाम्यापलीकडे जागा नव्हती! युद्धानंतर करखात्याने पाच लाख डॉलरांहून अधिक बाकी काढली. देणगीच्या रकमाही त्याच्याच उत्पन्नात धरल्या. पैसा त्याने मुक्तहस्ताने उधळला होता, हेही खरे.

१९४९ मध्ये सन्मानाने निवृत्त झालेला हा वीर कर्जापायी पुन्हा रिंगणात उतरला. १९५१ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, रॉकी मार्सियानोच्या ठोशाने तो दोरांबाहेर फेकला गेला. पुढे पोटासाठी तो कुस्त्याही खेळला.

१९८१ साली तो निवर्तला. सैनिकी इतमामाने आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्याला चिरविश्रांती मिळाली.