आणि सहकारी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आकाशवाणीच्या माइकसमोर बसून टीव्हीचं कौतुक करायचं, म्हणजे माहेरी येऊन सासरचे गोडवे गाण्यासारखं आहे. पण आज तो अपराध मी करणार आहे. टीव्हीवर लावणीचे, शाहिरीचे, लोकनाट्याचे जुने कार्यक्रम अधूनमधून पुन्हा दाखवतात. आमच्या घरी ते फार आवडीनं बघितले जातात. आवडीनं म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई, आम्ही दोघीच. नातवंडं एकदा डोकावतात, "आजी, रंग कुठे गेले?" म्हणून विचारतात आणि निघून जातात.

ही सवय लागली २०२० साली. त्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा दाखवलं आणि सगळा देश पुन्हा टीव्हीसमोर बसला. आमच्या घरी रामायण संपलं तरी टीव्ही बंद झाला नाही. जुनं काय लागतंय ते शोधायचं वेडच लागलं. आणि नेमका तोच चैत्र होता. तमाशाच्या फडांचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो, पण त्यांचे खरे कमाईचे दिवस चैत्र-वैशाखातल्या गावजत्रांचे. त्या वर्षी जत्रा झाल्याच नाहीत. फडांच्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, कलावंत हात बांधून घरी बसले. आणि आमच्या पडद्यावर मात्र चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे कलावंत घुंगरं बांधून उभे. बघताना आनंद व्हायचा आणि कुठंतरी चुकल्यासारखंही वाटायचं.

माझं माहेर सातारा जिल्ह्यात, वाईकडचं. सासर सांगलीजवळचं. दोन्हीकडची माती या कलेची. वाईजवळच्या पसरणीत १९२३ साली शाहीर साबळे जन्मले. त्यांनी गायिलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्याच वर्षी, राज्यगीत झालं. वाईच्याच यमुनाबाई वाईकर. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९७५ साली मिळाला, पद्मश्री मिळाली २०१२ साली, आणि वयाची शंभरी ओलांडून त्या २०१८ साली गेल्या. सासरकडं यावं तर सांगलीला लागूनच कवलापूर, काळू-बाळूंचं गाव. वाळवा तालुक्यात वाटेगाव हे अण्णाभाऊ साठ्यांचं आणि रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचं.

आता गंमत बघा. अशा दोन जिल्ह्यांत जन्म काढूनही वयाच्या पन्नाशीपर्यंत मी तमाशा पाहिलेला नव्हता. पाहणार कशी? आमच्या घरातल्या बायका तमाशाला जात नसत. जत्रेच्या रात्री पुरुष मंडळी जेवून, पटका बांधून निघायची आणि आम्ही माडीवर अंथरुणात. पण ढोलकीला दार-खिडकी अडवत नाही. ओढ्यापलीकडून ती थेट उशाशी यायची. आधी ढोलकी आणि हलगी यांची झुंज, मग झांज, मग गणाचे उंच सूर. शब्द काही कळायचे नाहीत. आई म्हणायची, "कान झाका आणि झोपा." कान कोण झाकतंय! यमुनाबाईंचं नाव तर आमच्या घरात हळू आवाजात घेतलं जाई. त्याच बाईंना पुढं पद्मश्री मिळाली तेव्हा माझ्या भावानं पेढे वाटले. काळ असा बदलतो.

म्हणून टीव्हीचे माझ्यावर उपकार आहेत. जे मी नुसतं ऐकलं होतं, ते त्यानं मला घरात बसून दाखवलं. आणि काही गोष्टी तर जत्रेतल्यापेक्षाही चांगल्या दाखवल्या. यमुनाबाईंची बैठकीची लावणी घ्या. बाई बसलेल्याच असतात. जे काही आहे ते चेहऱ्यात, नजरेत, हाताच्या बोटांत. एकाच ओळीचा अर्थ चार प्रकारे दाखवतात आणि चारही वेळा आपल्याला पटतो. भरल्या गर्दीत दहाव्या रांगेतल्या माणसाला यातलं काय दिसलं असतं? काळू-बाळूंचंही तसंच. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. 'जहरी प्याला' या त्यांच्या वगातल्या हवालदारांच्या जोडीनं महाराष्ट्राला हसवलं. दोघं शेजारी उभे राहिले, की कोण कुठला हे कळेपर्यंत पुढचा विनोद होऊन गेलेला असायचा.

पण पुन्हा पुन्हा बघताना एक गोष्ट झाली. पहिल्यांदा बघताना नजर पुढं असते, नाचणाऱ्या-गाणाऱ्यावर. दुसऱ्यांदा बघताना तिला जरा सवड मिळते आणि ती मागं जाते. मागं कोण उभं असतं? ढोलकीवाला, कमरेला ढोलकी बांधून, थोडा पुढं झुकलेला. त्याच्या शेजारी हलगीवाला. हलगीला तमाशात कडंही म्हणतात. तिचं चामडं दमटपणानं सैल पडतं म्हणून खेळाआधी जाळ करून ते शेकून घेतात. मग तुणतुणंवाला. तुणतुणं म्हणजे लाकडाचं एक नळकांडं, तळाला चामडं, वर एक काठी आणि एकच तार. आयुष्यभर एका तारेवर एकच सूर छेडत राहायचा. पण तो सूर थांबला तर गाणाऱ्याच्या पायाखालची जमीनच जाते. आणि झीलकरी. शाहिराची ओळ संपते तिथं कानावर हात ठेवून तो सूर वर उचलतात. शाहिराला दम घ्यायला मिळतो तो यांच्या दमावर.

ही माणसं पुढचा माणूस कधी थांबणार, कधी वळणार, याकडं डोळे लावून उभी असतात. नाचणारीनं गिरकी घ्यायच्या आधी ढोलकीवाल्याची मान हलते. म्हणजे गिरकी त्याला आधी कळलेली असते. हे मला तिसऱ्या खेपेला दिसलं. तेव्हापासून मी कार्यक्रम संपला तरी उठत नाही, शेवटच्या पाट्या वाचते. गायिकेचं नाव येतं, शाहिराचं येतं, निर्मात्याचं येतं. आणि मग येतात दोन शब्द: 'आणि सहकारी'. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज, झील, सगळे त्या दोन शब्दांत.

आता सासूबाईंकडं वळते. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. २०२० साली त्यांचं वय एक्याऐंशी. एका दुपारी असाच एक कृष्णधवल कार्यक्रम लागला होता. आत्या पलंगावर पडून अर्धवट डोळे मिटून ऐकत होत्या. एकदम उठून बसल्या. म्हणाल्या, "अगं, दादा! आमचा दादा!" मी बघेपर्यंत चित्र बदललं होतं.

या घरात येऊन मला तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. आत्यांना थोरला भाऊ होता हे मला त्या दुपारी कळलं. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी तो ढोलकीच्या नादानं एका फडाबरोबर गेला. वडिलांनी घराचं दार बंद केलं. त्याचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं आणि ते सगळ्यांनी पाळलं. आत्यांनीही पाळलं. पुढं नव्वदच्या सुमारास कुणाकडून तरी कळलं, तो वारला. तेव्हाही कुणी गेलं नाही. आत्या भाकरी थापत होत्या, त्यांनी उरलेल्या भाकरी थापल्या. हे त्यांनीच मला सांगितलं.

"पण आत्या, तुम्ही ओळखलं कसं? एवढं क्षणभर तर दिसलं." त्या म्हणाल्या, "डावखुरा हुता त्यो. उलटी बांधायचा ढोलकी." खरंच आहे. ढोलकीचं शाईचं पान उजव्या हाताला असतं आणि घुमारा निघतो ते डाव्या हाताला. आत्यांच्या दादाचं उलटं होतं. पडद्यावरचा माणूसही उलटं वाजवत होता.

झालं. तो कार्यक्रम पुन्हा कधी लागतो याची आम्ही वाट बघू लागलो. नातवानं मोबाईलवर शोध शोध शोधलं. जुनं खूप काही आता इंटरनेटवर मिळतं, पण तो कार्यक्रम काही मिळेना. एकदा लागला, तर आमच्याकडची वीज गेली. आत्या तीन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. अखेर पावसाळ्यात एका रविवारी दुपारी तो पुन्हा लागला. या वेळी आम्ही तयारीत होतो. आत्यांना टीव्हीच्या अगदी समोर खुर्ची दिली, चष्मा पुसून दिला. ढोलकीवाला आला. चार-पाच सेकंद असेल. आत्या बघत राहिल्या. पुढं दुसऱ्या लावणीला तो पुन्हा दिसला, या वेळी जरा जास्त. गाणं संपलं.

आत्या म्हणाल्या, "न्हाई गं. ह्यो आमचा दादा न्हाई." मी गप्प. काय बोलणार? थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "पर कुणाचा तरी असंलच की."

श्रोतेहो, मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. हजेरीपटावरचं प्रत्येक नाव मोठ्यानं वाचायचं, ही माझी रोजची नोकरी. आणि इतकी वर्षं 'आणि सहकारी' वाचून मला काहीच खटकलं नव्हतं. आत्यांच्या त्या एका वाक्यानं खटकलं.

माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मावशी, इथंही म्हातारी माणसं टीव्हीवर जुने ग्रामीण संगीताचे कार्यक्रम असेच पुन्हा पुन्हा बघतात. तिथं नॅशव्हिल शहरात १९२५ साली रेडिओवर सुरू झालेला असाच एक कार्यक्रम, ग्रँड ओल ऑप्री, आजही चालू आहे. त्यात १९४५ साली अर्ल स्क्रग्ज नावाचा तरुण दुसऱ्या एका गायकाच्या मागं उभा राहून बॅन्जो वाजवू लागला. तीन बोटांनी वाजवायची त्याची तऱ्हा तिथं आज त्याच्याच नावानं ओळखली जाते. म्हणजे मागं उभ्या असलेल्या माणसाचंही नाव राहू शकतं. राखणारे हवेत.

आपल्याकडंही राखतो आपण, पण निवडून. आमच्या मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अभिमान वाटला. तुणतुण्याकडं मात्र कुणी अजून तशा नजरेनं बघितलेलं नाही. त्याचा उपयोग आपण एखाद्याची टर उडवायला करतो, 'तेच ते तुणतुणं' म्हणून. आकाशवाणीवर शास्त्रीय गायन असलं की तबल्याला कोण, पेटीला कोण, हे निवेदक आदरानं सांगतात. हीच रीत ढोलकी-हलगीपर्यंत सगळीकडं पोचली असती, तर आत्यांना डावा-उजवा हात बघत बसावं लागलं नसतं.

हे सगळं उरलं आहे, हेसुद्धा नशीबच म्हणायचं. पूर्वी चित्रफिती महाग होत्या. त्यामुळं जुनं पुसून त्याच फितीवर नवं घ्यायचं, हे जगभर चालायचं. बीबीसीसारख्या मोठ्या संस्थेनंही साठ-सत्तरच्या दशकांतले कितीतरी कार्यक्रम असे गमावले. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या काळात ज्यांनी तरुणपणी समोर बसून ही वाद्यं ऐकली, ती माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. फिती जपता येतील, त्यांची नक्कल काढता येईल. "हा अमक्या गावचा अमका" असं सांगणाऱ्या माणसाची नक्कल निघत नाही.

म्हणून मी एक वही केली आहे. साधी, दोनशे पानी. जुना कार्यक्रम लागला की तारीख आणि कार्यक्रमाचं नाव लिहिते. मग आत्या, शेजारचे एक निवृत्त पोस्टमन आणि पूर्वी एका फडात झांज वाजवणारे एक आजोबा, यांना बोलावून चहा देते आणि विचारते, "मागचा तो कोण?" कधी भांडणं होतात. एक म्हणतो खानापूरकडचा, दुसरा म्हणतो माणकडचा. दोघांचंही लिहून घेते, पुढं प्रश्नचिन्ह करते. आजवर तेवीस नावं झाली. त्यातली नऊ प्रश्नचिन्हाशिवायची.

तुमच्याही घरात असं कुणी म्हातारं माणूस असेल. जुना कार्यक्रम लागला तर "काय ते जुनंपानं" म्हणून वाहिनी बदलू नका. त्यांच्याशेजारी बसा, मागं उभ्या असलेल्या माणसांकडं बोट दाखवा आणि विचारा. कळलेलं नाव गावच्या वाचनालयात, शाळेत, कुठंही लिहून ठेवा.

आत्या आता शहाऐंशीच्या आहेत. कानानं कमी ऐकू येतं. पण ढोलकी लागली की मान हलते. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी मला त्यांच्या दादाचं नाव लिहायला लावलं. मी म्हटलं, "आत्या, ते तर कुठल्याच कार्यक्रमात दिसले नाहीत." त्या म्हणाल्या, "दिसला न्हाई म्हणून काय झालं? वाजवत तर हुता."

लिहिलं आहे. प्रश्नचिन्ह न करता.