जहाज थांबणार नाही : बाल्टिक क्रूझवर आपलं आपण उतरून फिरताना

मागच्या भागात क्रूझच्या बुकिंगबद्दल बोलले, आणि त्यानंतर जे मेसेज आले त्यातले निम्मे एकाच प्रश्नाचे होते. "जहाजवाल्यांची टूर घ्यावीच लागते का? आपलं आपण उतरून फिरलं तर चालत नाही का?"

चालतं. कोणी अडवत नाही. केबिनचं कार्ड मशीनला दाखवायचं, टुंग असा आवाज येतो, उतरायचं. परत येताना तेच कार्ड, बॅगेची तपासणी, झालं. फरक फक्त एका वाक्याचा आहे, पण ते वाक्य महत्त्वाचं आहे. जहाजाच्या टूरवर गेलात आणि बस अडकली, तर तुम्हाला जहाजापर्यंत पोचवणं ही त्यांची जबाबदारी. तुमचे तुम्ही गेलात आणि उशीर झाला, तर जहाज निघून जातं. आजचा अख्खा भाग याच एका वाक्याभोवती आहे.

मी बोलणार आहे बाल्टिक समुद्राबद्दल, कारण गेल्या जूनमध्ये आई-बाबांना घेऊन तोच रूट केला. कोपनहेगनहून निघालो, मग जर्मनीतलं वार्नम्युंडे, टॅलिन, हेलसिंकी, स्टॉकहोम आणि परत. यूट्यूबवर जुने व्हिडिओ बघून प्लॅन करत असाल तर एक लक्षात घ्या, त्यातलं सेंट पीटर्सबर्ग आता विसरा. आधी या रूटचं मोठं आकर्षण तेच होतं, पण २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर मोठ्या क्रूझ कंपन्यांनी ते काढून टाकलं. फायदा असा की आता वर सांगितलेली सगळी बंदरं शेंगेनमध्येच येतात.

ओके, आता पहिली गोष्ट. कार्यक्रमात लिहिलेलं असतं, "टॅलिन, ८ ते ५". आपण म्हणतो, वा, नऊ तास! नऊ नाहीत हो. जहाज ८ ला धक्क्याला लागतं, कागदपत्रं होतात, मग रांग, तुम्ही जमिनीवर येता साडेआठ-पावणेनऊला. आणि ५ ही जहाज सुटायची वेळ. सगळ्यांनी आत असायची वेळ, ज्याला ऑल अबोर्ड म्हणतात, ती त्याच्या अर्धा ते एक तास आधीची. त्यात स्वतःचा एक तास राखीव धरा. म्हणजे नऊचे राहिले सहा-साडेसहा. हे सहा तास खर्चायचे. मी ऑफिसात डेडलाइनचं जसं करते तसंच, शेवटाकडून मागे मोजत यायचं. आधी परतीची वेळ ठरवायची, मग परतीची गाडी, आणि मग काय काय बघायचं ते.

काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागतच नाही. पाण्यातच नांगर टाकतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात, याला टेंडर म्हणतात. तिथे जहाजाच्या टूरवाल्यांना आधी सोडतात आणि आपण टोकन घेऊन बसतो. मग आणखी पाऊण-एक तास वजा करा. वारा जास्त असला तर ते बंदरच रद्द होऊ शकतं, म्हणून अशा ठिकाणी पैसे परत न मिळणारं काही बुक करू नका.

आता घड्याळ. कृपया इथे लक्ष द्या, हा भाग फॉरवर्ड करू नका. म्हणजे ऐकताना पुढे ढकलू नका, मित्रांना जरूर पाठवा!

उन्हाळ्यात कोपनहेगन, जर्मनी, स्टॉकहोम हे आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात. टॅलिन आणि हेलसिंकी अडीच तास मागे. म्हणजे प्रवासाच्या मध्येच घड्याळ एक तास पुढे जातं आणि नंतर परत मागे येतं. पण जहाज आपलं घड्याळ बदलेलच असं नाही. ते कॅप्टन ठरवतो, आणि रोजच्या कार्यक्रम-पत्रिकेत छापलेलं असतं. तुमचा फोन मात्र किनाऱ्यावरचा टॉवर पकडून आपोआप बदलतो.

समजा जहाज जर्मन वेळेवरच राहिलं आणि तुम्ही टॅलिनमध्ये उतरलात. फोन एक तास पुढे. तुम्ही साडेचारला परत या असं वाचलंय, आणि फोनच्या साडेचारला आलात, तर जहाजावर साडेतीन वाजलेत. एक तास फुकट गेला, बाकी काही बिघडलं नाही. आता उलट. जहाजाने हेलसिंकीची वेळ लावली आणि स्टॉकहोमलाही तीच ठेवली. तुमच्या फोनवर साडेतीन, तुम्ही म्हणताय अजून तास आहे, कॉफी घेऊ. जहाजावर साडेचार वाजून गेलेत. हा खरा खड्डा आहे. उपाय साधा आहे : हातात एक साधं घड्याळ घाला, स्मार्टवॉच नाही, आणि ते कायम जहाजाच्या वेळेवर ठेवा. बाबांचं जुनं एचएमटी या कामाला आलं. आणि शहरातलं काही तिकीट वेळेनुसार बुक केलं असेल तर ते स्थानिक वेळेने असतं, त्याचं गणित आदल्या रात्रीच करून ठेवा.

चला, आता बंदरं.

वार्नम्युंडे. कार्यक्रमात "बर्लिन" असं मोठ्या अक्षरात लिहितात आणि कंसात बारीक वार्नम्युंडे. बर्लिन तिथून सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. ट्रेनने रोस्टॉकला गाडी बदलून जायचं, एका बाजूला साधारण तीन तास. समजा जहाज ८ ते ८ थांबतंय. साडेआठला उतरलात, बर्लिनला पोचेपर्यंत बारा. संध्याकाळी साडेसहापर्यंत बंदरात यायचं तर साडेतीनला बर्लिन सोडायचं. हातात किती? साडेतीन तास, तेही सगळं वेळेवर झालं तर. आणि "जर्मनीत काय, सगळं वेळेवर असतं" असं म्हणणाऱ्यांसाठी : २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे उशीर धरतच नाहीत. तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. वार्नम्युंडेहून बर्लिनला स्वतःच्या जबाबदारीवर जाऊ नका.

पण आमच्या घरात यावरून वाद झाला. बाबांना बर्लिनच हवं होतं. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये भिंत पडल्याची बातमी त्यांनी दूरदर्शनवर बघितली होती, तेव्हा ते नुकते नोकरीला लागले होते. मी एक्सेल उघडून दाखवलं, सहा तास प्रवास, साडेतीन तास शहर. ते म्हणाले, "साडेतीन तास पुष्कळ झाले. मला भिंत बघायचीय, शॉपिंग नाही करायचं." यावर माझ्या एक्सेलकडे उत्तर नव्हतं. शेवटी त्यांच्यासाठी आणि आईसाठी जहाजाची बस घेतली. महाग होती, पण जहाज थांबण्याची हमी त्या किमतीत होती. साठीतल्या माणसांना घेऊन जाताना मी ते पैसे हमीचे समजते, टूरचे नाही.

मी स्वतः गेले नाही. मी लोकलने रोस्टॉक आणि तिथून बाड डोबेरानला गेले. तिथे मोली नावाची वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी आहे, १८८६ पासूनची, १५ किलोमीटर धावते, समुद्रकाठच्या क्युलुंग्सबोर्नपर्यंत. माथेरानची गाडी आठवेल, पण ही गावाच्या भर रस्त्यातून जाते, दोन्ही बाजूंना दुकानं, घंटा वाजवत, लोक आइसक्रीम हातात घेऊन बाजूला होतात. दुपारी तीनला मी परत वार्नम्युंडेच्या वाळूत बसले होते. आई-बाबा रात्री साडेसातला आले, दमून अर्धे झालेले. बाबांनी जेवताना फोनमधले भिंतीचे एकोणतीस फोटो दाखवले, सगळे जवळजवळ सारखेच.

टॅलिन हे स्वतःहून फिरायला सगळ्यात सोपं बंदर. जुनं शहर जहाजावरून दिसतं, चालत पंधरा-वीस मिनिटं. शटल बसचे पैसे देऊ नका, गुडघे दुखत असतील तरच द्या. गुडघ्यांवरून आठवलं. वरच्या तोम्पेआ टेकडीवर जायला दोन जुने रस्ते आहेत, पिक याल्ग म्हणजे लांब पाय, आणि ल्युहिके याल्ग म्हणजे आखूड पाय. आखूड रस्ता पायऱ्यांचा आहे, लांब रस्ता सावकाश चढाचा. आई-बाबांना घेऊन लांब पायाने चढा. सगळीकडे गोट्यांची फरसबंदी आहे, तेव्हा पातळ तळव्याच्या चपला नकोत. वरून लाल कौलं आणि मागे समुद्र दिसतो, त्यात आपलं जहाजही दिसतं, हे मनाला फार बरं वाटतं. खाली टाउन हॉलच्या चौकात एक औषधाचं दुकान आहे, ज्याची नोंद १४२२ पासून सापडते आणि ते अजून चालू आहे.

हेलसिंकीला फार डोकं लावू नका. बाजारचौकातून सुओमेनलिना किल्ल्याची फेरी बोट मिळते, शहराच्या बस-ट्रामचंच तिकीट तिला चालतं, पंधरा-वीस मिनिटांत बेटावर. अर्धा दिवस तिथे, उरलेल्या वेळात खडकात कोरलेलं चर्च.

स्टॉकहोमला आधी एकच प्रश्न विचारा : जहाज नक्की कुठे लागणार? शहरातच लागलं तर उत्तम, सकाळी लवकर उठून डेकवर या, हजारो बेटांमधून जहाज आत शिरतं. पण बरीच मोठी जहाजं न्यूनेसहामनला थांबतात, म्हणजे शहरापासून साठेक किलोमीटर. तिथून लोकल ट्रेन आहे, साधारण एक तास. मुंबईच्या लोकलची सवय असेल तर सांगते, ही दर चार मिनिटांनी नसते. परतीची गाडी निवडताना शेवटची चालणारी गाडी शोधा, आणि तिच्या दोन गाड्या आधीची पकडा. एक रद्द झाली तरी दुसरी हातात राहते.

तिथे एकच गोष्ट बघायची असेल तर वासा म्युझियम. १६२८ मध्ये स्वीडनच्या राजाचं हे भलंमोठं युद्धजहाज पहिल्याच सफरीवर निघालं आणि दीड किलोमीटरही न जाता बुडालं. वरचा भाग जड, तळाला पुरेसं वजन नाही. १९६१ मध्ये बाहेर काढलं. एवढी गाजावाजा केलेली पहिली रिलीज आणि बंदरातच क्रॅश! आमच्या टीममधल्या सगळ्यांना मी तो फोटो पाठवला. दोन तास ठेवा. आणि स्वीडनमध्ये नोटा घेऊन फिरू नका, कितीतरी ठिकाणी रोख घेतच नाहीत. कार्ड टेकवा, आणि मशीनने "रुपयांत पैसे कापू का?" विचारलं तर नाही म्हणा, त्यांचा दर नेहमी वाईट असतो.

जूनमध्ये जाणार असाल तर तारखा तपासा. स्वीडन आणि फिनलंडमध्ये १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी मिडसमरची सुट्टी असते, एस्टोनियात २३ आणि २४ ला. शहरं ओस पडतात, दुकानं बंद.

आता समजा, जहाज सुटलंच. त्यासाठी घरूनच प्रत्येक बंदराची किंमत काढून ठेवा. टॅलिनला राहिलात आणि पुढचं बंदर हेलसिंकी असेल तर फेरी बोटीने दोन-अडीच तासांत पोचता. स्टॉकहोमला राहिलात आणि प्रवास कोपनहेगनला संपणार असेल तर थेट ट्रेन आहे. पण वार्नम्युंडेला राहिलात आणि पुढे टॅलिन असेल तर विमानच. जिथे चूक स्वस्त तिथे थोडं मोकळं फिरा, जिथे महाग तिथे लवकर परता. सगळीकडे सारखी घाई करण्यात अर्थ नाही.

हे सगळं पासपोर्ट हातात असेल तरच. काही जहाजांवर पासपोर्ट रिसेप्शनला जमा करून घेतात, तेव्हा पहिल्याच दिवशी विचारा की उतरताना तो मिळेल का. निदान पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाची प्रत प्रत्येकाच्या खिशात हवी, प्रत्येकाच्या, सगळ्यांच्या प्रती बाबांच्या एका पिशवीत नकोत. रोजच्या पत्रिकेत बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो, त्याचा फोटो काढा. उशीर होतोय असं वाटलं की लगेच त्याला फोन करा, जहाज गेल्यावर नाही. आणि जहाजावर फोन एअरप्लेन मोडवरच ठेवा, समुद्रातलं सॅटेलाइट नेटवर्क पकडलं तर बिल बघून चक्कर येईल.

नॉर्वेबद्दल विचारणाऱ्यांना एकच गोष्ट आत्ता सांगते. फ्लोमची रेल्वे करायची असेल तर बंदरावर उतरून तिकीट मिळेल या भरवशावर राहू नका, आधी बुक करा. बाकी फ्योर्ड, साउथहॅम्प्टनहून निघणाऱ्यांचा यूके आणि शेंगेन असा दुहेरी व्हिसा, हे पुढच्या भागात. तुमच्या जहाजाच्या बंदरांच्या वेळा मला पाठवा, दोन-तीन खऱ्या कार्यक्रमांचं गणित तिथेच मांडू.